अण्णा, तुमच्या रुपयाला प्रत मिळाली नव्हती

अण्णा, तुम्ही गेलात त्याला आज सात दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर चिडलेलीच आहे. रडणं पहिल्या दोन दिवसांत उरकलं. चिडणं संपत नाही, कारण त्याचं कारण तुमच्या घराच्या भिंतीवर चौकट करून टांगलेलं आहे आणि येणारा जाणारा माणूस त्याच्याकडे बघून मान डोलावतो.

काल सकाळी माईनं मला हाक मारली. रविवारी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्याचं पत्रक मी लिहायचं, हे कुणी ठरवलं नाही, ते आधीपासून ठरलेलंच होतं. मी वही घेऊन तुमच्या पडवीत बसले. माई भिंतीला टेकून सांगू लागली.

"लिव्ह. एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर. एकबी मेमो न्हाय. लिवलंस?"

"लिहिलं."

"आता लिव्ह, त्यांच्या रुपयाला अमेरिकेत सत्तरात पासष्ट मार्क पडलं."

माझं पेन थांबलं. माईला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, या खेपेला शेजारच्या आळीलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. मग म्हणाली, "त्यो चौकटीतला कागद हाय की. त्यावरनं बघून उतरव. आकडा चुकाया नगं."

मी म्हटलं, "माई, बाबांना विचारून उद्या येते." काय विचारायचं होतं बाबांना? काही नाही. मी पळाले, अण्णा. पोलिसांसमोर पत्रकं वाटताना कधी पळाले नव्हते, तुमच्या बायकोसमोरून पळाले. त्या कागदावर पासष्ट हा आकडा कुठेही नाही, हे या अख्ख्या भवानीनगरात दोनच माणसांना माहीत होतं. त्यातलं एक मेलं.

तुम्हाला माहीत आहे मी कशी वाढले. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. बाबा बारामतीच्या छापखान्यात खिळे जुळवायचे आणि पुसट आलेले, वाकडे छापलेले कागद घरी आणायचे. सभा, मोर्चा, निषेध, जयंती. मी त्यावर अक्षरं शिकले, त्यामुळे बरीच वर्षं मला वाटायचं की प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतंच. पुढे मी स्वतः लिहू लागले तेव्हा पहिला वाचक तुम्ही. तुमची-आमची भिंत एकच. तुम्ही ड्यूटीवरून यायचे, टोपी काढायचे आणि म्हणायचे, "आण गं पत्रकबाई, काय पेटवलंस आज?" वाचून झालं की बोट ठेवून सांगायचे, "ह्यातली दोन उद्गारचिन्हं काढ. लोक बहिरी न्हाईत." चिडून मी एक काढायची. आज माझं लिहिलेलं कुणी थांबून वाचत असेल, तर ते त्या काढून टाकलेल्या चिन्हांमुळे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझ्या पत्रकांचे गठ्ठे तुम्ही सीटखाली ठेवून इंदापूरपर्यंत थांब्याथांब्यावर उतरवायचे, त्याबद्दलही कधी आभार मानले नाहीत. सतत भांडत असताना आभार मानायला वेळ कुठून मिळणार?

आणि भांडायला तुम्ही काय कमी कारणं दिलीत? ते नाण्यांचं वेड बघा. कळंबच्या एका म्हातारीनं तिकिटासाठी भोकाचा पैसा पुढे केला, तुम्ही स्वतःच्या खिशातून तिचं तिकीट फाडलंत आणि तो पैसा ठेवून घेतलात, तिथून सगळं सुरू झालं. पुढे घड्याळवाल्याकडून भिंग आणलंत. सुट्टीच्या दिवशी उन्हात पाट टाकून बसायचे आणि एका डोळ्यानं विलायतेच्या राजांची तोंडं न्याहाळायचे. मला ते बघवायचं नाही. मी म्हणायची, "अण्णा, ज्यांनी आपल्याला लुटलं त्यांची थोबाडं काय भिंग लावून बघता?"

तुम्ही भिंगातून मान न काढता म्हणायचे, "अगं, राजाला पावडरीच्या डबीत कोंडलाय की म्या. तुजा मोर्चा अजून काय करणार हाय त्येचं?"

मी पाय आपटत घरी जायची.

त्या डुकराच्या रुपयाची गोष्ट मात्र मला पहिल्यांदा ऐकली तेव्हाच आवडली होती, हे आज कबूल करते. एकोणीसशे अकरा साली नव्या राजाचा रुपया निघाला. राजाच्या अंगावरच्या झग्यावर हत्ती कोरला होता. पण तो इतका बारका आणि त्याची सोंड इतकी आखूड की लोकांना तो हत्ती न दिसता डुक्कर दिसलं. लोक बिथरले. सरकारनं तो रुपया मागे घेतला, राहिलेला ढीग वितळवला आणि पुढच्या वर्षी सोंड लांब करून नवा छापला. लोकांनी सात समुद्रांपलीकडच्या सरकारला हत्तीची सोंड लांब करायला लावली! (हे एक चिन्ह राहू द्या.) असा एक रुपया आपल्याकडे हवा, असं तुम्ही म्हणायला लागलात आणि माझ्याही मनात ते शिरलं. म्हणून पुण्याच्या लिलावाला मी तुमच्याबरोबर आले. नाहीतर रविवार वाया घालवणारी मी नव्हे.

पंच्याण्णव साल असेल. एका मंगल कार्यालयाचा हॉल, लांब टेबलं, त्यावर नाण्यांचे ट्रे आणि प्रत्येक ट्रेला नंबर. चिठ्ठीवर लिहिलेलं, "जसं आहे तसं". म्हणजे नाणं किती चांगलं, किती झिजलेलं, याची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही, ज्यानं त्यानं आपल्या डोळ्यानं बघून बोली लावायची. एका ट्रेमध्ये सात रुपये होते, सगळे काळेकुट्ट. तुम्ही एकेक कडेला धरून उचललात आणि पाचव्यावर थांबलात. भिंग माझ्याकडे दिलंत. मला काळ्या झग्यावर ते दिसलं आणि मी ओरडले, "अण्णा, हे तर डु..."

तुमचा एस.टी.चा बूट माझ्या पायावर पडला. अंगठ्याचं नख आठवडाभर निळं होतं. तुम्ही तो रुपया निवांत खाली ठेवलात, बाकीचे सहा उगाच उलटसुलट केलेत आणि मोठ्यानं म्हणालात, "लई काळं हाय समदं." बोली लागली तेव्हा तुम्ही घंटीची दोरी ओढावी तसा हात वर करत होता. ट्रे आपल्याला मिळाला. तुमचा चेहरा तेव्हा कसा झाला होता, ते मी माईला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. पहिल्यांदा पगार हातात पडलेल्या पोरासारखा झाला होता.

मग ते झालं. कोपऱ्यात एक व्यापारी बसला होता, लोकांना नाणी बघून सांगत होता. तुम्ही रुपया पुढे केलात. तो खुलला. "वा, छान आहे. झीज नाही. धुतलेलाही नाही, हा काळपटपणाच त्याचा दाखला. सांभाळा. कुठून आलात?"

"भवानीनगर. इंदापूर तालुका."

"बागाईतदार दिसता. पूर्ण नाव?"

तुम्ही नाव सांगितलंत, आडनावासकट, सावकाश, तिकिटाचा नंबर वाचून दाखवावा तसं. त्यानं एकदा तुमच्याकडे बघितलं. मग भिंग पुन्हा डोळ्याला लावलं. "तसा कडेला झिजलाय म्हणा. मध्यमच." रुपया परत सरकवला, हातात न देता, टेबलावरून.

रुपया तोच, भिंग तेच, दिवाही तोच. मी तोंड उघडलं, तर तुम्ही माझा दंड धरून मला रस्त्यावर आणलंत. स्वारगेटला चहा पिताना मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले. भित्रे म्हटलं. गुलाम म्हटलं. तुम्ही बशीतला चहा फुंकत सगळं ऐकून घेतलंत आणि मग जे सांगितलंत, ते मी अजून विसरलेली नाही.

"आमच्या शाळंत गणिताचा मास्तर हुता. मला पन्नासाच्या वर कवा चढू दिलं न्हाय त्यानं. मग बोर्डाची परीक्षा आली. पेपरावर नाव न्हाय, नुसता नंबर. पेपर गेला लांब कुठंतरी. कुणी तपासला, ठावं न्हाय. आलं पासष्ट टक्के. अगं, त्या तपासणाऱ्याला म्या जल्मात बघितला न्हाय, पर त्यानं मला बरुबर बघितला. आता अमेरिकेत म्हणं असं हापिस हाय. नाणं धाडायचं. नाव न्हाय, नंबर. सत्तरात मार्क देत्यात. मला ह्येची परीक्षा करायची हाय."

मी म्हटलं, "प्रत लावणं हाच रोग आहे, अण्णा. ज्यांच्या आयुष्याची प्रत जन्माआधीच लावून ठेवली, त्यांनी तरी नाण्यांची प्रत लावायला साहेबाच्या दारात जाऊ नये."

"कारखान्यात साखरंची प्रत लावत्यात. एम तीस, एस तीस. तितं न्हाय गेलीस मोर्चा घिऊन?"

"साखर म्हणजे माणूस नव्हे."

"मग रुपया काय माणूस हाय?" आणि मग हळू म्हणालात, "तुज्या पत्रकात समदी सारखी. तसं हुईल तवा हुईल. तवर बघणाऱ्याला निदान माजं नाव तरी दिसाया नगं. एवढंच मागतुया म्या."

हे भांडण आपलं कधी संपलं नाही. आजही मला वाटतं मी बरोबर होते. आणि आजही त्या बशीतल्या चहाच्या पुढे मला बोलता येत नाही.

मुंबईचा एक व्यापारी बऱ्याच लोकांची नाणी एकत्र करून अमेरिकेला पाठवायचा. त्याच्याकडे रजिस्टर पार्सलनं पाठवायचं ठरलं. आदल्या दिवशी आपण दोघं बारामतीला जाऊन बेताची डबी, कापूस, कापड घेऊन आलो. वाटेत सगळी एस.टी. तुमचं व्याख्यान ऐकत होती. नाणं कडेला धरायचं, तोंडावर बोट लावायचं नाही, पाणी लावायचं नाही, तो काळपटपणा म्हणजे त्याची कातडी. हे तुम्ही मला सांगितलं होतं, ड्रायव्हरला सांगितलं होतं, इंदापूर डेपोच्या कँटीनवाल्यालाही सांगितलं होतं. फक्त एका माणसाला सांगितलं नव्हतं. ज्या घरात तो रुपया ठेवला, त्या घरातल्या बाईला. का? तर "तिला काय त्यातलं." अण्णा, या तीन शब्दांसाठी मी तुमच्यावर एक स्वतंत्र पत्रक काढायला हवं होतं.

आपण दारात आलो. माई उंबऱ्यावर उभी. हातात ताटली, ताटलीत रुपया. त्याच्याकडे बघवत नव्हतं इतका लखलखत होता.

"बगा. आरशावानी. अर्धी पाटी चिच लागली. राखंनं घासला, पुन्ना चिच लावली. ते डुकारबी आता कसं सोच्छ दिसतंय."

मला माईचं घर माहीत आहे. तिच्या मांडणीवरच्या तांब्यात तोंड बघून भांग पाडावा. तिची आई कळंबला दुसऱ्यांच्या दारात डबा पोचवायची तेव्हा डबा आधी तीनदा घासायची. लोक आपल्या घरच्या वस्तूकडे नाक मुरडायला टपलेलेच असायचे. आपल्या दारातून बाहेर पडणाऱ्या वस्तूवर कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, हे माई राखेनं भरलेल्या आईच्या हातांकडे बघून शिकली होती. रुपया परमुलखात चालला होता. परक्या साहेबापुढे. मळका जाऊ देईल ती?

मी श्वास घेतला. तुमचा बूट माझ्या पायावर पडला. त्याच अंगठ्यावर.

तुम्ही ताटली हातात घेतलीत. उजेडाकडे धरलीत. मला वाटतं, एस.टी. थांब्यावर थांबते आणि पुन्हा निघते, एवढाच वेळ गेला. मग म्हणालात, "झकास. ह्यापरास झकास काय हुणार?"

दुसऱ्या दिवशी पोस्टात जाताना मी तुम्हाला म्हटलं, पाठवू नका. तो रुपया आता संपला. तिकडे भिंगाखाली धरला की त्यावरचे ओरखडे बघून एका मिनिटात परत पाठवतील.

"ठावं हाय."

"मग कशाला पाठवताय?"

"न्हाय धाडला तर ती इचारंल, का न्हाय धाडला. मग काय सांगू?"

"खरं सांगा!"

"पत्ता लिव्ह. इंग्रजी अक्षर तुजं बरं हाय."

आणि मी पत्ता लिहिला. एवढा मोठा तोरा माझा, पण त्या पार्सलवर अक्षर माझं होतं.

काही महिन्यांनी ते परत आलं. कठीण पारदर्शक डबीत बंद होऊन, आकड्याचं लेबल लागून यायला हवं होतं. आलं साध्या मऊ पिशवीत, सोबत इंग्रजी छापील चिठ्ठी. मी तुमच्या शेजारी उभी राहून वाचली. माई चुलीपासून ओरडली, "काय म्हनत्यात?" आणि तुम्ही, बत्तीस वर्षांत एकही मेमो नसलेले तुम्ही, पापणी न हलवता म्हणालात, "सत्तरात पासष्ट."

तुमच्या बोर्डाचे टक्के तुम्ही त्या रुपयाला देऊन टाकलेत. माई हात पुसत बाहेर आली, चिठ्ठी कपाळाला लावली आणि आठ दिवसांत ती चौकटीत बसवून आणली. नापास झाल्याचा दाखला भिंतीवर टांगणारं आपल्या पंचक्रोशीतलं ते एकमेव घर असेल.

पुढची तीन वर्षं मी काय सोसलं, तुम्हाला कल्पना नाही. भाजीवाला आला की पासष्ट. पाहुणे आले की पासष्ट. शेजारची बाई कारखान्याच्या मळीच्या वासाबद्दल कुरकुर करायला आली, तिलाही पासष्ट. माई सांगायची आणि मी तुमच्याकडे बघायची. तुम्ही आढ्याकडे बघायचे. रिकामी एस.टी. मिळाली की मी भांडण काढायची. एकदा लासुर्ण्याच्या पुढे मी म्हटलं, "त्या व्यापाऱ्यानं तुमचं नाव ऐकून रुपयाची प्रत बदलली. तुम्ही काय वेगळं केलंत? माईला खरं झेपणार नाही, असं तुम्हीच ठरवलंत. न विचारता. तुम्ही तिची प्रत लावलीत, अण्णा."

दोन थांबे गेले. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. मग म्हणालात, "तू अजून कुणासंगं संसार केला न्हाईस, पत्रकबाई."

हे काय उत्तर झालं? मी इतकी संतापले की पुढच्या थांब्यावर उतरून चालत निघाले. तुम्ही घंटी दिली आणि गाडी नेलीत.

पुढे तुम्ही आजारी पडलात, दुखणं वाढलं आणि तुम्हाला बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा मी ठरवून आले होते. आज विचारायचंच. आज अण्णांकडून वदवून घ्यायचंच, की माईला सांगतो, नाहीतर तू सांग. तुम्ही पडल्या पडल्या माझ्या पिशवीकडे बघितलंत. "नवं पत्रक हाय का?" मी दिलं. तुम्ही चष्म्याशिवाय हातभर लांब धरून वाचलंत, बराच वेळ. बोट कुठेच ठेवलं नाही. "बरं हाय," म्हणालात. एवढंच. मला तेव्हा भीती वाटली, अण्णा. तुम्ही काही काढायला सांगितलं नाहीत म्हणून भीती वाटली. मग मोसंबीचा रस, मग नर्स, मग भेटीची वेळ संपली. विचारायचं राहिलं. चार दिवसांनी तुम्ही गेलात आणि प्रश्न माझ्या गळ्यात टाकून गेलात. पत्रकात पासष्ट लिहायचं, की माईला तिच्या दुःखाच्या सातव्या दिवशी सांगायचं, की तुझ्या हातानं त्यांचा रुपया गेला?

रात्री बाबांना विचारलं तर म्हणाले, "एवढ्या एका वेळी लिहून टाक की. मेलेल्या माणसाचं कोण तपासतंय?" खिळे जुळवणाऱ्या माणसानं असं बोलावं. मी जेवले नाही.

आज सकाळी गेले. माईनं चौकट आधीच खाली काढून ठेवली होती, मला उतरवायला सोपं जावं म्हणून. पदरानं काच पुसून माझ्या मांडीवर दिली.

"वाच. मोठ्यांदा वाच. मलाबी ऐकायचंय, इंग्रजीत कसं लिवलंय ते."

मी वाचलं. मग मराठीत सांगितलं. "नाणं घासून साफ केलेलं आहे. प्रत देता येत नाही."

"आन पासष्ट?"

"पासष्ट कुठेच नाही, माई."

ती चौकटीकडे बघत राहिली. मला वाटलं, समजावून सांगावं लागेल. नाही लागलं.

"म्हंजे म्या घासला म्हणून."

"हो."

"त्यांना कवा कळलं? कागद आल्यावर?"

"तू ताटली दाखवलीस तेव्हाच."

"आन तरीबी धाडला?"

"हो."

"आन तुला?"

अण्णा, या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. तीन वर्षं मी फक्त तुमच्याविरुद्ध तयारी करत होते. म्हटलं, "मलाही तेव्हाच. पण मी अण्णांना सारखी म्हणत होते, माईला सांगा, खरं कळणं हा तिचा हक्क..."

"त्यांना म्हणत हुतीस," माई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मला कवा म्हणालीस? भिंत एकच हाय आपली. भाजीवाल्यापुढं मी पासष्ट म्हणायची, तवा तू बाजूलाच हुबी असायचीस. मनात हसत हुतीस व्हय गं?"

"नाही, माई."

"मग त्यांच्यापरास तू कशी येगळी?"

पत्रकात ज्या माणसांना मी 'गप्प बसून सामील झालेले' म्हणते, त्यांच्या रांगेत माईनं मला नेऊन उभं केलं. मघाशी मी सगळा राग तुमच्या नावावर लिहिला. त्यातला निम्मा माझ्या नावावर घ्या.

माईनं चौकट स्वतःकडे ओढून घेतली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. मी पुढे सरकले तर ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही थांबवायचं तिच्या हातात नव्हतं. "समदा दिवस उन्हात बसून घासला गं म्या," म्हणाली. "बोटं सोलली. आन त्यो माणूस म्हनला, झकास." मग एकदम तिचा चेहरा कडक झाला. "आन मळका धाडायचा हुता व्हय? कुणी बोट ठेवलं असतं तर?"

"नाही, माई. बरोबर आहे तुझं."

"आता पेन घे. काल लिवलेलं खोड. मी सांगती तसं लिव्ह. एक अक्षर इकडंतिकडं करू नगं."

मी लिहिलं. "एस.टी.त बत्तीस वर्षं कंडक्टर. एकबी मेमो न्हाय. बायकोनं चिच लावून घासलेला रुपया त्यांनी जाणूनबुजून अमेरिकेला धाडला. त्यो नापास झाला, तर बायकोला पास म्हणून सांगितलं. उभ्या जल्मात एवढं एकच खोटं बोललं. तेबी धड जमलं न्हाय."

"माई, हे रविवारी सगळ्या पाहुण्यांच्या हातात जाणार आहे. छापू?"

"तू खोटं छापत न्हाईस म्हणतीस न्हवं?" माईनं चौकट उचलली आणि पुन्हा त्याच खिळ्याला लावायला उठली. "मग ह्ये छाप."

बाबा आत्ता छापखान्यात ते जुळवतायत, अण्णा. खाली नाव माईचं घातलंय. तिचं तिनं सांगितलं, आडनावासकट.